चारशे बारा लिटर

संध्याकाळचं माप संपलं तसा मी बटण दाबलं.
पहिली चिठ्ठी निघाली निंगव्वा हुद्दारची.
तिची एक म्हैस, तीही आटायला आलेली,
आणि चिठ्ठीवर चारशे बारा लिटर.
तिनं कागद ट्यूबलाइटखाली धरला.
"म्हशीनं मला काय सांगिटलं न्हाई बग."
मागं भरमाण्णा. चारशे बारा.
त्याच्या मागं हायस्कूलचा शिपाई. चारशे बारा.
कडोलीच्या डेअरीत त्या संध्याकाळी
त्रेसष्ट सभासद
एकदमच श्रीमंत झाले.

रात्रभर स्क्रीनसमोर बसलो.
हिशेब चूक नव्हता, तेच वाईट होतं.
बेरीज पुन्हा पुन्हा बरोबर येत होती,
फक्त ती सगळ्यांची होती.

दुसऱ्या दिवशी बेळगावला गेलो,
टिळकवाडीत, तिसऱ्या गेटजवळच्या क्लासला.
गेट पडलेलं होतं, मालगाडी संपता संपेना.
शिवलीला मॅडमनी वहीतल्या चार ओळी बघितल्या
आणि पेनाचं टोपण एका ओळीवर ठेवलं.
"किटली तू रस्त्यावर ठेवलास की रे.
एकच किटली. जो येतो तो त्यातच ओततो.
आत ने. ज्याच्या त्याच्या घरात ठेव.
आधी सेल्फ म्हण, मग दूध म्हण."

सेल्फ.
मला ते लिहायला जड जात होतं.
आमच्या घरात स्वतःचं नाव आधी घेत नाहीत.

पण लिहिलं. प्रत्येक सभासद जन्मतो तिथंच
त्याची रिकामी लिस्ट ठेवली, त्याच्या नावाला बांधून.
निंगव्वा साडेतीन लिटरवर आली.
शिपाई पावणेदोनवर.
कोणी काही बोललं नाही,
खरं रांगेत जरा शांतता होती.

दर मात्र वरच ठेवला, क्लासच्या कपाळावर.
चौतीस रुपये. एका जागी बदलला
की त्रेसष्ट घरांत बदलतो.
चेअरमन म्हणाले, "आमच्या साडूला छत्तीस कर. गुपचूप."
साडू म्हणजे भरमाण्णा.
केलं. त्याच्या एकट्याच्या अंगावर लिहिलं छत्तीस.
चार महिने तो माझ्याकडं बघून हसायचा.
मग संघानं दर वाढवला, अडतीस.
मी वर अडतीस लिहिलं, सगळे अडतीस झाले.
भरमाण्णा छत्तीसवरच.
ज्याच्या अंगावर स्वतःचं लिहिलेलं असतं
तो वर बघतच नाही.
चेअरमन म्हणाले, काढ ते.
मी म्हटलं, काढतो की. आणि दोन पगार विसरलो.

कधी कधी रात्री नावांचाच विचार येतो.
फॅट मोजायच्या फंक्शनात मी एक नाव वापरतो, थेंब.
काम झालं की ते जातं.
बाहेर येऊन थेंब म्हणा, कोणी ओळख देत नाही.
आई मला बाबूल म्हणते.
उंबऱ्याबाहेर ते चालत नाही.
गल्लीत मी मुतगेकरांचा धाकटा,
डेअरीत क्लार्क,
रेशन कार्डावर कन्नडात जो कोणी आहे
त्याला मी अजून बोट ठेवून वाचतो.
मशीनसुद्धा नाव असंच शोधतं:
आधी आतल्या खोलीत, मग सोप्यात, मग गावात,
शेवटी सरकारात.
कुठंच नाही मिळालं तर थांबतं,
आणि कुठल्या ओळीवर थांबलं ते सांगतं.
एवढं सरळ आम्हाला कोणी सांगत नाही.

परवा निंगव्वा आली. म्हैस व्यायली होती,
साडेसात लिटर, चिठ्ठी बरोबर.
ती खिडकीतून आत डोकावली.
"काय बडवूलालाईस रे एवढं?"
"प्रोग्राम."
"कुठल्या भाषेत? कन्नड का मराठी?"
"दोन्ही नव्हं."
थोडा वेळ तिनं विचार केला.
"मग बरोबर मोजंल," म्हणाली,
आणि कंबरेच्या पिशवीतून एक घडी काढून दाखवली.
चारशे बारा लिटर. शाई जरा उडालेली.
मी हात पुढं केला, रद्द चिठ्ठ्या फायलीला लावायच्या असतात.
तिनं पिशवीची नाडी ओढली.